शरदातील पहिली दहा मिनिटे

दीर्घायुष्य चिंतताना आपल्या पूर्वजांनी वर्षे मोजली ती शरद ऋतूंनी. पाऊस सरला, आभाळ निवळले, नद्यांचे गढूळ पाणी पुन्हा स्वच्छ झाले, म्हणजे आयुष्यातील आणखी एक वर्ष पदरी पडले असा तो हिशेब. म्हणूनच शतायुषी होण्याची इच्छा ही शंभर शरद पाहण्याची इच्छा ठरली. परंतु याच शरदाला त्यांनी वैद्यांची माता असेही एक नाव देऊन ठेवले आहे. माता जशी लेकराला पोसते, तसा हा ऋतू रोग्यांची रीघ लावून वैद्याला पोसतो, हा त्यातील विनोद. या दोन उद्गारांत विसंगती मात्र नाही. शरद हा आरोग्याचाही ऋतू आहे व अनारोग्याचाही. पावसाळ्याचे चार महिने ज्याने जसे घालवले, तसे माप तो त्याच्या पदरात टाकतो.

पावसाळ्यात आपल्या खेड्यांतून हालचाल मंदावते. भाताची लावणी उरकली की उंबऱ्याबाहेर पाऊल घालण्याचे निमित्तच उरत नाही. चिखल, निसरडी वाट, सतत ओले कपडे आणि घरात तळणीचा खमंग वास. अशा स्थितीत माणूस खातो अधिक आणि चालतो कमी. मग ऑक्टोबर उजाडतो, आकाश स्वच्छ होते आणि अनेकांच्या मनात एक सद्विचार येतो : 'उद्यापासून रोज फिरायला जायचे.' हा विचार चांगलाच आहे. परंतु नाताळच्या सुमारास तो कितीजणांत शिल्लक राहतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. व्यायाम का करावा यावर प्रवचने पुष्कळ होतात. तो लहानसा आरंभ करून टिकवावा कसा, या प्रश्नाकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कष्टाळू गाव, बैठे दिवस

आरंभीच एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. 'व्यायाम शहरातल्या बाबूलोकांनी करावा, आम्ही शेतकरी माणसे, आम्हांला तो कशाला?' असे आपल्या गावांतून नेहमी ऐकू येते. ज्याचा दिवस अजून कोयता, फावडे आणि भाताचे भारे यांत जातो, त्याच्या बाबतीत हे म्हणणे पुष्कळसे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही शेतातील, घरातील व रोजगारातील श्रम हालचालीतच जमा धरले आहेत. खानापूरकडचा शेतकरी सुगीच्या दिवसांत सकाळपासून कापणी करीत असेल, तर त्याने संध्याकाळी पुन्हा धावायला जावे असे कोणी म्हणणार नाही.

परंतु आज अशी घरे किती उरली आहेत? नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, खळ्याच्या जागी मळणीयंत्र आले, विहिरीच्या रहाटाच्या जागी पंप आला, पाट्याच्या जागी मिक्सर आला आणि पायवाटेच्या जागी मोटारसायकल आली. यांतील एकही गोष्ट वाईट नाही. त्यांनी आपल्या माताभगिनींच्या कमरेवरचा भार उतरवला, हे उपकारच म्हणायचे. मात्र कष्ट गेले तरी कष्टकऱ्याचे ताट तेच राहिले आणि 'आम्ही कष्टाळू' हा समजही तसाच राहिला. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा, शाळेत शिकवणारा, कचेरीत काम करणारा, आखातातून किंवा जहाजावरून परत येऊन घरी विसावलेला, असा प्रत्येकजण पूर्वजांच्या घामावर स्वतःचे आरोग्य जमा धरीत असतो.

त्याची किंमत किती मोठी आहे हे आकडे सांगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मधुमेहाच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील दर शंभर भारतीयांत ११.४ जणांना मधुमेह असल्याचे त्यांत आढळले. सर्वांत वरचा क्रमांक लागला तो गोव्याचा. तेथे हे प्रमाण २६.४, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक आहे. याला केवळ व्यायामाचा अभाव कारण आहे असे नव्हे. आहार, वाढते वय व आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो. परंतु या कारणांपैकी जन्म व वय आपल्या हाती नाही, आणि चालणे मात्र आहे.

हालचालीचे मोल किती असते, हे एका जुन्या व साध्या निरीक्षणाने जगाला दाखवून दिले. जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्याने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास केला व तो १९५३ साली प्रसिद्ध केला. चालक दिवसभर आसनावर बसून असे. वाहक तिकिटे देत दिवसभर जिना चढउतार करी. गाडी तीच, शहर तेच, धूर तोच. पण वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. पायी व सायकलीने टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. या वाहकांनी व पोस्टमननी कोणतीही व्यायामशाळा पाहिली नव्हती. त्यांचे कामच त्यांना रोज थोडे थोडे हलवीत होते, आणि हे 'रोज थोडे थोडे' हेच त्यातले मर्म होते. स्वतः मॉरिस २००९ साली वारले, तेव्हा ते ९९ वर्षांचे होते.

पहिल्या दिवसाचा पराक्रम

प्रत्येक गावात आढळणारे एक गृहस्थ आमच्या वाचकांच्याही परिचयाचे असतील. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ते नवे बूट घालून भल्या पहाटे निघतात. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर धापा टाकीत पुरे करतात आणि न्याहरीच्या वेळी शेजाऱ्याला त्याचे वर्णन ऐकवतात. मंगळवारी पोटऱ्या भरून येतात. बुधवारी गुडघा कुरकुरतो. गुरुवारी परतीच्या पावसाची सर येते. पुढच्या सोमवारी बूट फळीवर जातात, आणि 'हे आपल्या वयाला झेपणारे नव्हे' असा निकाल लागतो. दोष वयाचा नसतो. चार महिने विसावलेल्या देहाकडून त्यांनी एका दिवसात सारी वसुली करू पाहिलेली असते.

आपल्या आयुर्वेदाने या बाबतीत मोठा विवेक दाखवला आहे. वाग्भटाच्या मते बलवान व सकस खाणाऱ्या माणसानेसुद्धा थंडीत आणि वसंतात व्यायाम करावा तो निम्म्या शक्तीने, आणि इतर ऋतूंत त्याहूनही हलका. पावसाळ्यात शरीराचे बल क्षीण झालेले असते, शरदात ते सावरू लागते आणि हेमंतात पूर्णत्वास जाते, असा त्याचा ऋतुक्रम आहे. याचा अर्थ उघड आहे. शरद हा बीज रुजवण्याचा काळ आणि हेमंत ते वाढवण्याचा. ऑक्टोबरात हलका आरंभ करावा आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारव्यात त्याची मात्रा चढवावी.

तालमीतही हीच रीत होती. बेळगावच्या परिसरात, बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस, जेथे जेथे मराठी माणसे वसली तेथे तेथे तालमी उभ्या राहिल्या. नवखा पोरगा तालमीत आला तर वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी कुस्तीला उतरवीत नसे. आधी त्याने आखाड्याची माती खणायची, मग थोडे जोर, थोड्या बैठका, आणि अंग तयार झाल्यावर पुढचे डाव. पोरगा उतावीळ असे. वस्तादाला घाई नसे. आज आपल्यापैकी बहुतेकांना वस्ताद नाही. तेव्हा वस्तादाचा तो सबुरीपणा आपला आपणच पत्करला पाहिजे.

आरंभ कसा करावा

जागतिक आरोग्य संघटनेचे प्रौढांसाठी माप असे आहे : आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. दीडशे मिनिटे म्हणजे दिवसाला तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. परंतु हे गाठायचे ठिकाण आहे. तेथूनच निघायचे नाही. संघटना असेही सांगते की थोडीशी हालचाल ही मुळीच नसण्यापेक्षा बरी.

यासाठी आम्ही पुढील क्रम सुचवतो. पहिले दोन आठवडे रोज केवळ दहा मिनिटे चालावे. अधिक चालण्याचा मोह झाला तरी तो आवरावा. तिसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटे, चौथ्यात वीस, पाचव्यात पंचवीस आणि सहाव्यात तीस. एक ऑक्टोबरला ज्याने आरंभ केला, तो नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, थंडीची चाहूल लागता लागता, कोणताही पराक्रम न करता पूर्ण मापाला पोहोचतो. एखाद्या आठवड्याची मात्रा जड वाटली, तर तोच आठवडा पुन्हा करावा.

चाल कशी असावी? चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम श्रमाची सोपी खूण आहे. मिनिटाला सुमारे शंभर पावले पडली की ती चाल साधते. बोलणेही अशक्य झाले तर वेग कमी करावा. सुश्रुतानेही निम्मी शक्ती खर्च झाल्याची खूण श्वासावरूनच सांगितली आहे : श्वास तोंडावाटे घ्यावा लागला की थांबण्याची वेळ झाली असे समजावे.

ऋतूचे भान मात्र सोडू नये. ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. पाऊस गेलेला असतो, पण हवेतील दमटपणा गेलेला नसतो. अशा उष्म्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून ऊन चढण्यापूर्वी किंवा ते कलल्यावर चालावे आणि निघण्यापूर्वी पाणी प्यावे. सायंकाळी ढग दाटून गडगडाट सुरू झाला, तर उघड्या माळावर न राहता घर गाठावे. भातकापणीच्या या दिवसांत घोणस, फुरसे यांचा वावर बांधावर असतो. तेव्हा अंधारात विजेरीवाचून व पायताणावाचून निघू नये, आणि बांधापेक्षा रस्ता बरा मानावा. रस्त्याने चालताना समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने चालावे आणि अंगावर फिकट रंगाचे वस्त्र असावे.

स्नायूंच्या बळासाठी यंत्रे लागत नाहीत. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे व बसावे. भिंतीला तळवे टेकून दहा जोर काढावेत. चौकटीला धरून टाचा उचलाव्यात. अर्धी भरलेली कळशी दोन्ही हातांत आळीपाळीने घेऊन अंगणात दोन फेऱ्या माराव्यात. एवढे आठवड्यातून दोनदा केले, तरी पहिल्या महिन्याला पुरेसे आहे.

टिकवावे कसे

आरंभ उत्साहावर होतो. पण उत्साह हा पाहुणा आहे, घरचा माणूस नव्हे. तो गेल्यावर घर चालते ते सवयीवर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लाली व त्यांचे सहकारी यांनी सवय कशी जडते याचा अभ्यास ९६ स्वयंसेवकांवर केला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक साधी गोष्ट रोज ठराविक प्रसंगी करायची होती. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला कोणाला १८ दिवस पुरे झाले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर जडली, व्यायामाची उशिरा. या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष फार दिलासा देणारा आहे : एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा खंड पडला नाही.

यातून व्यवहाराचे तीन नियम निघतात. पहिला असा, की व्यायाम घड्याळाला न बांधता रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या प्रसंगाला बांधावा. 'सवड मिळेल तेव्हा चालेन' म्हणणाऱ्याला सवड कधी मिळत नाही. सकाळच्या घंटेनंतर, गाईचे दूध काढून झाल्यावर, मुलांना शाळेच्या गाडीत बसवल्यावर, असा ज्याचा त्याने प्रसंग निवडावा. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. या महिन्यात सायंकाळी सारे कुटुंब एकत्र येतेच. प्रार्थना आटोपली की जेवणापूर्वी सर्वांनी मिळून वेशीपर्यंत जाऊन यावे. वेगळी वेळ शोधावी लागत नाही आणि वेगळे निमंत्रणही द्यावे लागत नाही.

दुसरा नियम सोबतीचा. एकटा माणूस स्वतःला दिलेला शब्द सहज मोडतो. पण दाराशी शेजारी उभा असला की पायांत वहाणा सरकवाव्याच लागतात. तालमीचे अर्धे सामर्थ्य याच गोष्टीत होते. दोन जावा, दोन मित्र, नवराबायको किंवा आजोबा व नातू, कोणतीही जोडी चालेल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चाललेल्या दिवसाला एक खूण करावी. ओळीने पडलेल्या खुणा पाहून ती ओळ मोडू नये असे माणसाला आपोआप वाटू लागते.

तिसरा नियम चुकलेल्या दिवसाचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दिवस चुकणारच. घरात लग्न निघेल, सुगीची घाई असेल, ताप येईल, दिवाळीला शेजारघरच्या फराळाचे आमंत्रण येईल, नाताळची नेवरी व दोदोल करण्यात रात्री जातील. व्यायाम सुटतो तो या चुकलेल्या दिवसामुळे नव्हे. 'आता मोडलेच आहे, तर नव्या वर्षापासून पाहू' या विचारामुळे सुटतो. एक दिवस चुकला तर त्याची भरपाई म्हणून दुप्पट चालू नये आणि खंतही करीत बसू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीइतकेच चालावे. गर्दीच्या दिवशी तीस मिनिटे जमत नसतील, तर पुन्हा दहा मिनिटांवर यावे. पहिल्या आठवड्यातील ती दहा मिनिटे केवळ आरंभासाठी नसतात. अडचणीच्या दिवशी परतण्याचे ते घर असते.

चालण्याला एखादा मुक्काम असला तर पायांना उत्साह येतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या सणाला बेळगाव व सिंधुदुर्गाकडून कित्येक यात्रेकरू जुन्या गोव्याला पायी जातात. बेळगावाहून हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर भरते. वर्षभर मोटारसायकलीवर फिरून एकाएकी या यात्रेला निघणाऱ्याचे पाय फोडांनी भरून येतात. ज्यांचा तसा संकल्प असेल, त्यांनी आरंभापासूनच वहाणांची व पायांची ओळख करून द्यावी आणि नोव्हेंबरात आठवड्यातून एक दिवस अधिक लांबचा पल्ला घ्यावा.

घरातील इतर मंडळी

घरातील स्त्रियांचा प्रश्न निराळा आहे. त्या दिवसभर उभ्या असतात, थकतात, पण चुलीपाशी उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. त्यांना दहा मिनिटे लाभावीत असे खरोखर वाटत असेल, तर ती दहा मिनिटे कोणीतरी भाजी चिरली पाहिजे व भांडी विसळली पाहिजेत. पतीने व मोठ्या मुलांनी एवढे केले नाही, तर व्यायामाचा उपदेश ही त्या माउलीच्या डोक्यावर आणखी एक जबाबदारी ठरेल.

पासष्टी उलटलेल्यांनी चालण्याबरोबर तोल सांभाळण्याचाही सराव आठवड्यातून तीन दिवस करावा. भिंतीचा आधार घेऊन एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर. म्हातारपणी न्हाणीघरात एकदा पाय घसरला, तर माणूस अंथरुणाला खिळतो आणि त्याबरोबर सारे घरही जखडले जाते. मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटांची हालचाल हवी. त्यांना व्यायाम शिकवावा लागत नाही. लगोरी, कबड्डी, फुटबॉल यांसाठी मोकळे अंगण द्यावे लागते आणि हातातील मोबाईल तेवढा वेळ काढून घ्यावा लागतो.

मधुमेह असणाऱ्यांनी जेवणानंतर दहापंधरा मिनिटे सावकाश फिरावे. त्याने जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम सुटून हातपाय थरथरू लागले, तर ती लगेच तोंडात टाकावी. घरी परतल्यावर तळवे पाहावेत. बधिर पायाला काटा लागल्याचे कळत नाही. हृदयविकार, रक्तदाब किंवा सांध्यांचे जुने दुखणे असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. चालताना छातीत दाबल्यासारखे झाले, भोवळ आली किंवा न झेपणारी धाप लागली, तर तेथेच थांबावे आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. अशा वेळी 'पित्त असेल' म्हणून घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

वाचकहो, सत्तराव्या वर्षी जमिनीवरून स्वतःच्या बळावर उठता यावे, रविवारी कोणाच्या खांद्याचा आधार न घेता मंदिराची पायरी चढता यावी, नातवाला कडेवर घेऊन विहिरीपर्यंत जाता यावे, यापरते आरोग्याचे दुसरे भाग्य कोणते? हे भाग्य एका दिवसात मिळत नाही आणि एका दिवसात हरपतही नाही. एक ऑक्टोबरला निघालेल्याला नाताळ हा शहाऐंशीवा दिवस येतो. तोवर थंडी पडलेली असेल, चाल सुधारलेली असेल, आणि पायांना वाट कदाचित न सांगता ठाऊक झालेली असेल. ज्यांची पहिली तारीख हुकली, त्यांनी पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. आज सायंकाळी दहा मिनिटे आहेतच.